इमो म्हणजे मावशीच

"चाची, ह्यातनं बोटाएवढी जाड शेवई निघंल का?"

उन्हाळ्याचे दिवस होते. उचगावात आमच्या दारात शेवया करून घ्यायला बायकांची रांग लागली होती. गव्हाचा रवा भिजवून आणायचा, आमच्या मशीनमधून शेवया पाडून घ्यायच्या आणि काठीवर वाळत घालायच्या, असा तो हंगाम. त्या गर्दीत एक पोरगी स्कूटरवरून उतरली, रांग सोडून थेट माझ्यासमोर आली आणि स्टीलचा डबा उघडून तिनं हे विचारलं. डब्यात तांदळाच्या पिठाचा पांढराशुभ्र गोळा होता.

"बोटाएवढी? खाणार कोण, म्हैस?" मी म्हटलं.

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. पोरगीही हसली. "न्हाय चाची, कोरियातली माणसं खात्यात. आणि आता कोल्हापूरची पोरं खाणार हायत."

ही ऋतुजा. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, राजारामपुरीत वाढलेली, आणि डोक्यात एक घेतलं की ते खाली न ठेवणारी. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला तिनं हॉटेलासाठी एक गाळा घेतला होता. मोबाइलवर कोरियन मालिका बघून बघून पोरापोरींना तिथलं खाणं खायची ओढ लागलीय, हे तिच्या बरोबर ध्यानात आलं होतं. लाल रश्शातली तांदळाची जाड शेवई हा त्यातला मुख्य पदार्थ. पण ती शेवई मुंबईहून बर्फात गोठवून यायची आणि कोल्हापुरात पोचेपर्यंत तिला तडे जायचे. म्हणून ती शेवयांची मशीनं हुडकत हिंडत होती.

मी त्या दिवशी तिला परत पाठवलं. हंगामात कुणाला वेळ आहे? पण ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली. येताना उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून मोठ्या भोकांची जाळी करून घेऊन आली. जाळी आमच्या मशीनला अशी काही चपखल बसली, की माझे मालक सलीमभाई कापूस पिंजता पिंजता उठून बघायला आले. "बसली बघ," ते म्हणाले. "आता तू बस." म्हणजे कामाला लाग. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पिंजाऱ्याचं काम. फोमच्या गाद्या आल्यापासून कापूस पिंजून घ्यायला फारसं कोण येत नाही. म्हणून मी शेवयांचं मशीन घेतलेलं. तेही चार महिनेच चालतं. बाकीचे आठ महिने मी मोकळीच होते.

अशी मी कोरियन आचारीण झाले. वय विचाराल तर तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. कोरिया नकाशावर कुठं आहे ते मला अजून बोट ठेवून सांगता येणार नाही.

काम मात्र सांगते, कारण लोकांना वाटतं हे काहीतरी पाकिटातून काढून गरम करतात. तसं नाही. तांदूळ रात्रभर भिजवायचा, सकाळी निथळून ओलसर दळायचा, मग फडक्यावर पसरून वाफवायचा. गरम असतानाच तो कुटायचा आणि मळायचा. हात भाजतो, गार पाण्यात बुडवून पुन्हा मळायचं. गार झाला की संपलं, मग तो तुटतो. पहिल्यांदा आम्ही कोलम तांदूळ घेतला, तर रश्शात टाकल्याबरोबर शेवईची खीर झाली. ऋतुजा रडायची बाकी राहिली. मी म्हटलं, "अगं, भात चिकट होतो तो तांदूळ घे की. इंद्रायणी आण." इंद्रायणीनं काम केलं. दाताखाली ओढ लागली पाहिजे, पण चिकटायला नको, अशी शेवई झाली. ऋतुजानं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मला मिठी मारली. माझे दोन्ही हात पिठानं भरलेले, तिचा काळा ड्रेस पांढरा झाला.

हॉटेलचं नाव तिनं ठेवलं 'सोलकट्टा'. सोल ही म्हणे तिकडची राजधानी. नाव पोरांना आवडलं, पण पहिले सहा महिने रोज कुणी ना कुणी येऊन विचारायचं, "सोलकढी हाय का?" एकदा मालवणहून आलेलं एक कुटुंब नाव वाचून आत आलं, बसलं, पंखा लावायला सांगितला आणि सोलकढीचे पाच ग्लास मागितले. ऋतुजानं त्यांना नाही म्हणू नये म्हणून लाल रश्शातली शेवई दिली. आजोबांनी खाल्ली आणि म्हणाले, "बरी आहे, पण कढी कधी येणार?"

आणखी एक आजोबा नातीबरोबर आले होते. समुद्रातल्या शेवाळाच्या काळ्या पातळ कागदात भात गुंडाळून त्याच्या वड्या करतात, ती प्लेट नातीनं मागवली. आजोबांनी चष्मा वर करून बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, हा कार्बन पेपर हाय न्हवं? आमच्या कचेरीत असायचा." पण नात खाते म्हटल्यावर त्यांनीही एक वडी खाल्ली. मग हळूच बोट बघितलं, शाई लागलीय का म्हणून.

आणि तिखट! कोरियन पदार्थ तिखट असतात असं सगळीकडं लिहिलेलं असतं. कोल्हापूरच्या पोरांनी ते वाचून यायचं, खायचं आणि म्हणायचं, "इतकंच?" शेवटी ऋतुजानं कार्डावर तीन प्रकार केले. साधं, तिखट आणि कोल्हापुरी.

आता 'इमो'चं सांगते. कागलकडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक खरा कोरियन माणूस एका दुपारी ड्रायव्हरबरोबर आमच्याकडं आला.  मी शेवई केली, ऋतुजानं नेऊन ठेवली. त्यानं मान खाली घालून सगळी खाल्ली. मग हात वर केला आणि माझ्याकडं बघत जोरात म्हणाला, "इमो!"

मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी ओढणी सारखी करून पुढं गेले. त्यानं रिकामी वाटी दाखवली, आणखी पाहिजे म्हणून. शेजारच्या टेबलावर मृणाल नावाची आमची रोजची गिऱ्हाईक बसली होती. त्या मालिका बघून बघून तिला निम्मी भाषा यायची. ती खुदखुदली. "मावशी, तो तुम्हाला मावशी म्हणाला. इमो म्हणजे आईची बहीण. तिकडं हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या बाईला असंच हाक मारतात."

"म्हणजे मावशीच की," मी म्हटलं.

"मावशीच."

इतक्या लांबचा माणूस, आणि हाक तीच. त्याला मी दुसरी वाटी भरून दिली. त्या दिवसापासून सगळ्या पोरापोरींची मी इमो झाले. रेहाना हे नाव फक्त रेशन कार्डावर उरलं.

पण मला सांगायचं आहे ते अक्षताचं.

अक्षता मृणालची मैत्रीण, दोघी वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला, एकाच हॉस्टेलला. अक्षता शिरोळ तालुक्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. मृणाल आणि बाकीच्या खायच्या, ही पाण्याचा ग्लास पुढं घेऊन बसायची. हसायची, गप्पा मारायची, पण खायची काही नाही. मी चार-पाच वेळा बघितलं. जेवणाऱ्या माणसांत न जेवणारं माणूस मला सहन होत नाही. एक दिवस मी तिच्याजवळ गेले.

"का गं, आमचं खाणं आवडत न्हाय व्हय?"

"तसं न्हाय इमो. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा, काही चालत न्हाय. आमच्या आण्णांनी व्रत घेतल्यापासून घरात लई कडक हाय. आंबवलेलं न्हाय, शिळं न्हाय, आणि दिवस बुडायच्या आत जेवायचं."

"आलं?"

"आलं न्हाय. सुंठ चालती."

मी त्या रात्री अंथरुणावर पडून तिचा रस्सा करत होते. मनातल्या मनात. बाटलीतला कोरियन मसाला आंबवलेला, तो बाद. ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवायची आणि वाटायची, टोमॅटो, थोडी सुंठ, भाजलेले तीळ, गूळ. सकाळी ऋतुजाला म्हटलं, "मला एक नवी कढई पायजे, एक उलथनं, एक वाटी, एक चमचा. आणि एक शेगडी निराळी." ऋतुजानं का म्हणूनही विचारलं नाही. ती कढई भिंतीला निराळ्या खिळ्यावर लागली. तिच्यात दुसरं काही शिजलं नाही, आणि ती मीच घासली.

पहिल्या दिवशी अक्षतानं दोनदा विचारून खात्री केली. मग एक घास घेतला. प्लेट संपेपर्यंत मान वर केली नाही. त्यावरून मला कळलं.

अडचण होती ती सूर्याची. थंडीत दिवस लवकर बुडतो आणि तिचं प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालायचं. संध्याकाळी मी शेवई तयार ठेवून दाराशी उभी राहायची. समोर विद्यापीठाच्या झाडांवर ऊन कुठंवर चढलंय ते बघायची. शेंड्यापर्यंत गेलं की माझा जीव वर-खाली व्हायचा. मग ती पळत यायची, पाठीवर बॅग उडतेय, ओढणी कुठल्या कुठं. "आली, आली, इमो!" मी प्लेट तिच्यापुढं सरकवायची. ती धापा टाकत खायची आणि मी बाहेर बघत सांगायची, "सावकाश खा, हाय अजून."

मग रमजान आला. मला रोजा होता, त्यामुळं चव बघता यायची नाही. मीठ ऋतुजा बघायची. त्या दिवसांत एक गंमत झाली. अक्षताला सूर्य बुडायच्या आत खायचं आणि मला बुडाल्यावर. ती शेवटचा घास खाऊन पाणी पिऊन व्हायची तेवढ्यात माझी वेळ व्हायची. ती उठायची, माझ्यासाठी खजुराची वाटी आणि पाणी आणून ठेवायची आणि माझ्यासमोर बसून राहायची. आपण जेवलो म्हणून निघून गेली असं एकदाही केलं नाही. मी खजूर तोंडात टाकला की म्हणायची, "बरं वाटालंय आता?" जशी काही उपाशी तीच होती.

त्याच दिवसांत मृणालनं एक व्हिडिओ काढला. अक्षता पळत येते, मी तिला चमच्यानं पहिला घास भरवते, दोघी हसतो, एवढाच. खाली लिहिलं, 'आमची इमो'. पोरांना आवडला. खूप लोकांनी बघितला म्हणे. माझ्या डोक्यावर ओढणी होती, माझ्या मागं भिंतीवर पदार्थांचा फलक होता आणि त्यावर चिकनचे तीन पदार्थ ठळक अक्षरांत होते. हे मृणालच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, गाणी लावलेली, सगळी टेबलं भरलेली, अशा वेळी दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा. आत येईनात. ऋतुजा म्हणाली, "या की काका." त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यातली बाई तुमीच न्हवं?"

"व्हय, मीच."

"ही माझी पोरगी."

मी हात पुसले आणि बाहेर आले. गाणी कुणीतरी बंद केली.

"काय चारालाईसा तिला?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तांदळाची शेवई हाय, दादा. कांदा न्हाय, लसूण न्हाय, आलंसुद्धा न्हाय. तिची कढई येगळी हाय, शेगडी येगळी हाय. या, बघा."

ते दारातूनच बघत राहिले. भिंतीवरची कढई मी काढून दाखवली. त्यांनी ती नीट बघितली, आतून, बाहेरून.

"आणि करतंय कोण?"

"मीच."

त्यांनी कढई परत माझ्याकडं दिली. मग फलकाकडं बघून म्हणाले, "तेबी हितंच शिजतंय."

"त्या अंगाला. ह्या शेगडीवर कधीच न्हाय."

ऋतुजा पुढं आली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "काका, तुमच्या घरात पाळतात त्यापेक्षा जास्त पाळलंय चाचीनं—"

"ऋतुजा," मी म्हटलं, आणि ती थांबली.

अक्षताच्या आण्णांनी फोन खिशात टाकला. "बाई, तुमी तिला पोटच्या पोरीगत बघितलंसा, ते मला दिसतंय. मी आंधळा न्हाय. पर मला गावात ऱ्हायचं हाय. घरोघरी ह्यो व्हिडिओ फिराला लागलाय. कोण काय बोलतंय, कोण काय. तिचं लगीन व्हायचं हाय. मी कुणाकुणाला कढई दावत हिंडू?"

मी कढई परत खिळ्याला अडकवली. ऋतुजा म्हणाली, "तिचं शेवटचं सत्र हाय काका. दोन महिन्यांवर परीक्षा आलीया."

"घरात बसून करंल अभ्यास," ते म्हणाले. मला हात जोडले आणि गेले. हॉस्टेलमधून अक्षताचं सामान गाडीत घालून त्याच दुपारी ते तिला घेऊन गेले. ती मला भेटायला आली नाही. येऊ दिलं नसणार.

मृणाल दोन दिवस आमच्या मागच्या खोलीत बसून रडली. व्हिडिओ तिनं काढून टाकला, पण तो आता सगळ्यांच्या फोनमध्ये होता.  मायेनं केलेली गोष्ट होती, तिला काय बोलायचं?

घरी मी सलीमभाईंना सगळं सांगितलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "माझ्या हातात काय काटे हायत? एवढं पाळून शेवटी काय?"

ते सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "आपल्या पोरीला, शबानाला, कुणी असं काय खायला घातलं असतं, तर तूबी विचारायला गेली असतीस की."

"विचारायला गेले असते. तिचं शिक्षण सोडवून आणलं नसतं."

"हे तू आत्ता म्हणतीस," ते म्हणाले. त्यांचं हे असंच. भांडायला जावं तर समोर भांडायला कोणी नसतं. पण ती गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. तो माणूस ओरडला नव्हता. कढई आतून-बाहेरून बघितली होती. वाईट माणूस असता तर त्यानं कढईकडं बघितलंही नसतं.

ईद झाली. ऊन वाढलं. संध्याकाळी माझे पाय आपोआप दाराशी जायचे आणि मी झाडांकडं बघत उभी राहायची. मग ध्यानात यायचं आणि मी आत यायची.

एका सकाळी, अजून शटर पूर्ण वर गेलं नव्हतं, एक बाई रिक्षातून उतरल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. खाली वाकून आत बघत म्हणाल्या, "इमो कोण हितं?"

"मीच. या."

"मी अक्षताची आई."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या टेकल्या आणि थोडा वेळ नुसत्या पिशवीचे बंद पिळत राहिल्या. "एसटीनं आले. घरात सांगिटलं न्हाय. भनीकडं जाते म्हणाले." मग एकदम बोलायला लागल्या. "पोरगी काय उलट बोलत न्हाय. सांगंल ते काम करती. पर घरातला आवाजच गेलाय, ताई. काय विचारलं तर व्हय, न्हाय, एवढंच. पुस्तक उघडून बसती आणि पान उलटत न्हाय. जेवत न्हाय धड. परवा म्हणलं, सांग तरी, तुला काय करून घालू? तर म्हणाली, इमोची शेवई. मला वाटलं इमो म्हणजे मशीन हाय का काय."

दोघी हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ते मला शिकवा," त्या म्हणाल्या.

तांदूळ भिजलेलाच होता. मी कढई काढली. त्यांनी पदर खोचला, हात धुतले आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. वाफवलेलं पीठ परातीत पडलं तसा मी सांगायला लागले, "गरम असतानाच—" तोवर त्यांनी गार पाण्यात हात बुडवून मळायला सुरुवातही केली होती. आयुष्यभर उकड काढलेली बाई, तिला काय शिकवायचं? गोळा माझ्यापेक्षा मऊ झाला. रस्सा मी सांगितला, केला त्यांनी. व्रत त्यांनाही होतं, बाहेरचं त्या खात नव्हत्या. कढईवर वाकून त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर झालंय." मी चव बघितली. बरोबर होतं.

"मशीन कुठलं आणू?" त्यांनी विचारलं.

"चकलीचा सोऱ्या हाय न्हवं घरात? त्याला एकच मोठ्या भोकाची चकती लावा. हातानं दाबा. दोघींना पुरण्यासारखं होतंय."

"तिघांना करीन," त्या म्हणाल्या.

पुढचं मला नंतर अक्षतानं सांगितलं. आईनं एका दुपारी शेवई केली आणि कुणाला काही न सांगता तिघांच्या ताटात वाढली. अक्षतानं ताटात बघितलं आणि तिला हुंदका आवरेना. आण्णांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"शेंगुळ्यागत लागतंय," ते म्हणाले. "काय हाय हे?"

"ज्याच्यापायी पोरीला घरात आणून बसवलासा, ते हाय," आई म्हणाली.

"तुला कुणी शिकवलं?"

"त्याच बाईनं. मी गेलते तिच्याकडं."

आण्णांचा हात ताटातच थांबला. अक्षता म्हणाली, इमो, मला वाटलं आता ताट सरकवून उठतात.  पण खाली मान घालून त्यांनी ताट संपवलं. त्यांच्या घरात अन्न टाकायची रीत नाही, पण तेवढंच कारण नव्हतं. हात धुताना ते एवढंच म्हणाले, "ह्यात वंगाळ काय न्हाय."

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी उसाला पाणी सोडून आले आणि अक्षताला म्हणाले, "बॅग भर. परीक्षा तिकडं राहूनच दे."

अक्षता पास झाली. आता ती बियाण्यांवर संशोधन करते, लांबच्या एका शहरात. फोन करते, बोलता बोलता रडते, मग हसते. ह्या कामात एकच दुःख आहे. पोरं येतात, तुम्हाला मावशी करतात आणि एक दिवस पदवी घेऊन निघून जातात. त्यांचं पुढं काय झालं, कोण सुखात आहे, कोण नाही, निम्म्यांचं कधी कळत नाही. माझेही गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून गेल्या वर्षापासून मी रोज जात नाही. नवीन बाईला शेवई शिकवलीय. चांगली करते. पण तो काही आजचा विषय नाही. मला सांगायचं होतं ते अक्षता परत आली त्या दुपारचं.

तिला हॉस्टेलवर सोडून आण्णा आमच्याकडं आले. एकटेच. हातात पत्र्याचा मोठा डबा, झाकणाला फडकं बांधलेलं. दुपार कलली होती, गिऱ्हाईक कमी होतं. या वेळी ते दारात थांबले नाहीत. आत आले, डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसले.

"काकवी हाय," ते म्हणाले. "आमच्या गुऱ्हाळाची. तुमी गूळ घालता म्हणं रश्शात. ही घालून बघा. चकाकी येती."

"तुमी घालून बघितलासा?" मी विचारलं.

"काल केलतं घरात." ते जरा ओशाळले. "मागून घेतलं मी."

ऋतुजा वळून फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला लागली. तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी फडकं सोडलं. काकवीला उसाच्या फडाचा आणि धुराचा वास येत होता. बोट बुडवून चाखली. म्हटलं, "लई झकास हाय, दादा." ते मान हलवत राहिले.  टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"पोरगी म्हणती, हे झाल्यावर आणिक पुढं शिकणार. लांब जाणार. मी आता न्हाय म्हणणार न्हाय." मग थांबून, टेबलाकडं बघत, "तिच्या आईनं मला सांगिटलं, तुमी तिला एक शब्द वाकडा बोलला न्हाईसा. माझ्याबद्दलबी न्हाय. मी त्या दिवशी लोकांचं ऐकत हितं आलतो. तुमचं ऐकून घ्यायला आलो न्हवतो."

  मी टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छच होतं.

त्यांनी समोरची खुर्ची पायानं थोडी मागं सरकवली. इतकी वर्षं त्या हॉटेलात मी हजारो लोकांना बसा म्हटलं असेल. मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. उभं राहणं हेच आमचं काम.

"आक्का," ते म्हणाले, "उभ्या का? बसा की जरा."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बसले.